निवृत्तीनंतरची सेवा : दापोलीचे पेन्शनर आणि आपण

माजी सैनिकाचा सत्कार करताना आपण बहुधा त्याच्या रणांगणावरील वर्षांचाच गौरव करतो. त्याची पलटण कोणती, तो कोणत्या सीमेवर होता, कोणती पदके मिळाली, हे सांगून होते. शाल पांघरली जाते आणि टाळ्यांच्या गजरात कार्यक्रम पुढे सरकतो. यात वावगे काहीच नाही. परंतु साधा शिपाई बहुधा चाळिशीच्या आसपास, कित्येकदा त्याही आधी, सैन्यातून मोकळा होतो. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे तो आपल्या गावात, वस्तीत, आपल्यामध्ये राहतो. ही वर्षे त्याच्या नोकरीच्या वर्षांहून दुपटीने अधिक असतात आणि त्यांची नोंद मात्र कुठल्याही पदकावर नसते. आपल्या समाजाच्या इतिहासात तर खरे मोल या दुसऱ्या कालखंडाचेच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी सव्वाशे-दीडशे वर्षे मागे, कोकणातील दापोलीला जावे लागेल.

दापोलीला आजही जुनी माणसे ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. थंड हवेचे हे ठिकाण एके काळी लष्कराचे ठाणे होते आणि पुढे तेथे सेवानिवृत्त सैनिकांनी घरे केली. मुंबई इलाख्याच्या सैन्यात रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून महार, चांभार आदी अस्पृश्य मानलेल्या जातींची मोठी भरती होत असे. पंधरा-वीस वर्षे देश-परदेश पाहून परतलेल्या या माणसांना मूळ गावच्या महारवाड्यात पुन्हा जुन्या रीतीने राहणे कठीण वाटे. म्हणून पुष्कळ कुटुंबे दापोलीसारख्या ठिकाणी स्थिरावली. या वस्तीतून आपल्या चळवळीचा पहिला आवाज उठला.

तो येथूनच का उठला, याचे कारण या माणसांनी सैन्यातून बरोबर आणलेल्या शिदोरीत आहे. त्या शिदोरीतील पहिली गोष्ट अक्षरओळख. कंपनी सरकारच्या पलटणींतून शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी शाळा चालत, आणि त्यांत मुलीही शिकत. ज्या काळात गावच्या शाळेची पायरी चढणे अस्पृश्याला अशक्य होते, त्या काळात लष्करी छावणीतील महार स्त्रियांना वाचता येत होते, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याजोगी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात या सक्तीच्या लष्करी शिक्षणाचा आवर्जून उल्लेख केला आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून शिक्षक झाले आणि लष्कराच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. आपण त्यांना ‘सुभेदार’ म्हणून ओळखतो. ‘गुरुजी’ म्हणूनही ओळखायला हवे.

दुसरी गोष्ट पेन्शन. हिचे महत्त्व आज लवकर ध्यानात येत नाही. गावकीच्या व्यवस्थेत महाराचे पोट बलुत्यावर आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या मर्जीवर अवलंबून होते. ज्याच्या दारी भाकर मागायची त्याच्याविरुद्ध अर्ज कसा लिहायचा? पेन्शनरापुढे हा पेच नव्हता. त्याच्या हाती दरमहा येणारी रक्कम थोडी असली तरी ती गावाबाहेरून येत होती आणि गावाला ती अडवता येत नव्हती. बहिष्कार टाकला तरी त्याची चूल पेटत होती. अस्पृश्यांच्या पहिल्या पिढीतील जवळजवळ सारे बोलके कार्यकर्ते पेन्शनर किंवा पेन्शनरांचे पुत्र असावेत, यात म्हणून योगायोग फारसा नाही.

तिसरी गोष्ट कागदाची सवय. हुकूम लेखी असतो, तक्रार लेखी करावी लागते, ती योग्य अधिकाऱ्याच्या नावे जावी लागते आणि उत्तर न आल्यास स्मरणपत्र द्यावे लागते, हे शिपाई पलटणीत शिकला होता. तलवार-बंदूक त्याने सरकारजमा केली. ही विद्या मात्र तो घरी घेऊन आला.

या तिन्ही गोष्टी एका माणसात एकवटलेल्या दिसतात. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढूळचे. सैन्यातून हवालदार म्हणून १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते दापोलीस राहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. निवृत्तीनंतर त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली, ‘दीनबंधु’सारख्या पत्रांतून लेख लिहिले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. अस्पृश्यतेला शास्त्राधार कोठे आहे, असा रोखठोक सवाल त्यांनी धर्ममार्तंडांना केला. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसावे लागणार म्हणून उच्चवर्णीय सभासदांनी खळखळ केली. ज्या हवालदाराने छावणीत कवायत घेतली, त्याच्या शेजारी खुर्चीवर बसायला तालुक्याच्या गावातील सभ्य गृहस्थ राजी नव्हते. १९०० मध्ये गोपाळबाबांचे निधन झाले. निवृत्तीनंतरची अवघी चौदा वर्षे त्यांना लाभली. पण आज आपण त्यांचे नाव घेतो ते या चौदा वर्षांसाठी.

याच सुमारास एक मोठा आघात झाला. १८९० च्या दशकाच्या आरंभी सरकारने ‘लढाऊ जाती’ ही नवी कल्पना उचलून धरली आणि महारांची सैन्यभरती बंद केली. आधी शतकभर ज्यांच्या हाती बंदूक दिली, ते आता एकाएकी लढण्यास नालायक ठरले! या निर्णयाने केवळ नोकऱ्या गेल्या नाहीत. छावणीतील शाळा गेली, पुढच्या पिढीचे पेन्शन गेले, गावकीतून सुटण्याची एकमेव वाट बुजली.

येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जे आधीच निवृत्त झाले होते त्यांचे पेन्शन सुरूच होते. भरतीबंदीने त्यांच्या स्वतःच्या ताटातील काही कमी होणार नव्हते. तरीही धावपळ केली ती त्यांनीच. गोपाळबाबांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून मुंबईच्या सरसेनापतींना उद्देशून विनंतिअर्ज तयार केला. सुभेदार रामजींनी याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य मागितले. दापोलीच्या शाळेत पेन्शनरांच्या मुलांना इतरांबरोबर बसू दिले जात नव्हते. त्याविरुद्धही त्याच दशकात अर्ज गेले. सरकारी शाळेच्या ओसरीवर मुले बसवायची की वर्गात, एवढाच वरवर तो प्रश्न. परंतु त्या ओसरीवरून वर्गात जाण्यासाठी अर्ज लिहिणारे हात हे निवृत्त शिपायांचे होते, ही बाब आपल्यासारख्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत नमूद झालीच पाहिजे.

पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हे काम हाती घेतले. ते स्वतः शिपाई नव्हते; पण १९०३ मध्ये सासवडला एक्कावन्न गावांच्या महारांची सभा भरवून त्यांनी सरकारकडे निवेदन पाठविले आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे सैन्य व पोलीस यांतील भरतीची मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपताच, १९२१ मध्ये, ती मोडली गेली. गरज सरली, पलटण विरली. कायमची महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळात असताना. स्वतंत्र भारतात याच रेजिमेंटमधून जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन सेनाप्रमुख झाले, आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील कामगिरीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे जवान आहेत. गोपाळबाबांच्या अर्जापासून बेळगावच्या त्या दिवसापर्यंत सत्तेचाळीस वर्षे लागली.

सुभेदार रामजींच्या घरातील एक हकीकत बाबासाहेबांनीच सांगून ठेवली आहे. भीमरावाला एखादे पुस्तक हवे असे आणि घरात पैसे नसत. मग रामजी आपल्या विवाहित मुलीकडे जात, उसने पैसे मागत. तिच्याजवळही नसल्यास तिचा एखादा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे गहाण ठेवत, पुस्तक आणत आणि पेन्शन हाती आले की दागिना सोडवून परत देत. लष्कराने दिलेल्या निवृत्तिवेतनाचा याहून थोर उपयोग झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्या मुलीच्या दागिन्याचाही त्यात वाटा आहे. पेन्शनरांच्या कर्तृत्वाची गोष्ट सांगताना त्यांच्या घरातील स्त्रियांना आपण सहज गाळतो.

१९२७ साली महाडला या परंपरेची वेगळीच कसोटी लागली. २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर परिषदेहून परतणाऱ्या निःशस्त्र लोकांवर हल्ला झाला. त्या जमावात महायुद्धात लढून आलेली माणसेही होती. ती संतापली होती, प्रतिकाराची परवानगी मागत होती आणि प्रतिकार कसा करावा हे त्यांना पुरते ठाऊक होते. बाबासाहेबांनी शांत राहण्यास सांगितले आणि ती माणसे शांत राहिली. ज्याला लढता येत नाही त्याने हात आवरणे आणि ज्याला येते त्याने आवरणे, यांत महदंतर आहे. त्या काळात समता सैनिक दलातील तरुणांना कवायत आणि शिस्त शिकविण्यातही निवृत्त सैनिक पुढे होते.

येथे काही उपासक-उपासिकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. पंचशील ग्रहण करणाऱ्या, शस्त्रांचा व्यापार निषिद्ध मानणाऱ्या आपल्या धम्माच्या संस्थेने सैनिकाचा सत्कार का करावा? ही शंका झटकून टाकू नये. संयुत्तनिकायात एका योद्ध्याने भगवंतांना विचारले आहे की, रणात लढता लढता मरणारा स्वर्गास जातो हे खरे काय? भगवंतांनी हा प्रश्न न विचारण्यास पुन्हा पुन्हा सांगितले आणि अखेर जे उत्तर दिले ते त्या योद्ध्याला सुखावणारे नव्हते. युद्धाला पुण्य म्हणण्याची सोय आपल्या परंपरेत नाही. वैशालीच्या सिंह सेनापतीला मात्र भगवंतांनी दूर लोटले नाही. त्याच्याशी संवाद केला, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी त्या संवादाला स्थान दिले. आपण सत्कार करतो तो लढाईचा जयघोष म्हणून नव्हे, तर लढाई पाहून आलेला माणूस आपल्या वस्तीसाठी पुढे काय करतो याचा आदर म्हणून. शिवाय ज्यांच्या सैन्यात आपले पणजोबा होते ते परकीय सरकार होते, हेही लपविण्याचे कारण नाही. गोपाळबाबा, रामजी यांनी त्या सरकारकडून पगार घेतला आणि तेथे मिळालेली अक्षरे त्या सरकारला व स्वदेशातील धर्ममार्तंडांना जाब विचारण्यासाठी वापरली.

आजचे माजी सैनिकही हेच करीत आहेत. फक्त त्याला आपण ‘सेवा’ हे नाव देत नाही. पोलीस आणि सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे मैदानावर मुलामुलींना धावायला लावणारे, वीरपत्नीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन तिच्या निवृत्तिवेतनाचा अडलेला कागद पुढे सरकविणारे, विहाराच्या जागेचा सातबारा दुरुस्त होईपर्यंत तहसील कचेरीच्या खेपा घालणारे, वसतिगृहात रेक्टर होऊन मुलांना अंथरूण नीट घडी घालायला लावणारे, असे निवृत्त जवान आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयात आहेत. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीला आपण हातभार लावतो, तो लावावाच. पण वीरपत्नीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हे ठाऊक असणारा माणूस वस्तीत असणे, ही त्याहून दुर्मीळ संपत्ती आहे.

आणि ती हातातून निसटते आहे. दापोलीच्या बहुसंख्य पेन्शनरांची आज नावेही उरलेली नाहीत. ज्यांनी लिहिले, ज्यांचे छापले गेले, तेवढेच राहिले. ज्यांनी अर्जाखाली केवळ सही किंवा अंगठा केला ते गेले. तेव्हाच्या नातवंडांना आजोबांचे कागद जपण्याची ऐपत नव्हती. आपल्याला आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. या सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातील किंवा शेजारच्या माजी सैनिकाजवळ बसा. त्यांचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, पदकांसोबत आलेली पत्रे, पलटणीतील छायाचित्रे यांची स्वच्छ प्रत काढा. मूळ कागद त्यांच्याच घरी राहू द्या. छायाचित्रामागे कोण कोठे उभा आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकून पेन्सिलीने लिहा. लढाईच्या गोष्टी ते आपण होऊन सांगतील, किंवा कित्येकदा मुळीच सांगणार नाहीत; त्याचा आग्रह धरू नका. विचारायचे ते पुढचे : घरी आलात ते कोणत्या साली, गावात पहिला अर्ज कशासाठी केला, कोणाच्या मुलाला शाळेत घालायला बरोबर गेलात, पेन्शनच्या पहिल्या पैशातून काय आणले. आजी हयात असतील तर हेच प्रश्न त्यांनाही स्वतंत्रपणे विचारा. त्यांची उत्तरे निराळी असतील. लिहिलेले पान आणि कागदांच्या प्रती विद्यालयाच्या ग्रंथालयात आणून द्या. गाव, तालुका आणि तारीख घालायला विसरू नका.