गुनुंग किदुलची साठ वर्षे

१९६२-६३ साली गुनुंग किदुल या जिल्ह्याचे नाव इंडोनेशियाभर पोहोचले ते भुकेमुळे. अवर्षण आणि उंदरांचा उपद्रव एकाच वेळी आला, शेतात काही उरले नाही आणि अंगावर सूज चढलेली माणसे अन्नाच्या शोधात योग्याकार्ता शहराकडे निघाली. जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हे डोंगर तेव्हा उघडेबोडके होते. आज ते सागाने झाकले आहेत. हा बदल कोणी केला हे नीट सांगायला हवे, कारण त्याचे श्रेय बहुतेक वेळा भलत्यांनाच मिळते.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १,४८५ चौरस किलोमीटर, म्हणजे योग्याकार्ता या विशेष प्रांताचा जवळजवळ निम्मा भाग. लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास, आणि वोनोसारी हे एवढेच काय ते मोठे गाव. पाऊस इथे कमी पडतो असे नाही. नोव्हेंबर ते एप्रिल तो चांगला बरसतो, पण जिल्ह्याच्या दक्षिण भागात जमिनीखाली चुनखडी आहे. पाणी तिच्या भेगांतून खाली जाते आणि शंभर-शंभर मीटर खोल नद्यांमधून समुद्राला मिळते. वर उरते ते शंकूसारख्या टेकड्यांमधल्या खोलगट जागांत साठलेले तळ्यांचे पाणी, तेही जुलै-ऑगस्टपर्यंत आटते.

अशा जमिनीत भाताची खाचरे होत नाहीत. इथला शेतकरी पहिल्या पावसाच्या आधीच कोरड्या मातीत धूळपेरणी करतो. एकाच तुकड्यात कोरडवाहू भात, मका, भुईमूग आणि कसावा अशी मिश्र पिके घेतो. फेब्रुवारीच्या सुमारास भात निघतो, पण वर्षभर पोट भरायचे ते कसाव्याने. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कंद. सोलून, उन्हात वाळवून त्याचा ‘गापलेक’ करतात. गापलेक दळून, वाफवून ‘तिवुल’ होतो. बाकीच्या जावाने तिवुलला गरिबाचे अन्न ठरवले, आणि कित्येक वर्षे गुनुंग किदुलच्या माणसाला पाहुण्यापुढे तो ठेवायला संकोच वाटे.

भुकेच्या पाठोपाठ १९६५-६६चे हत्याकांड आले. साम्यवादी असल्याचा संशय एवढ्यावर जावाभर माणसे मारली गेली. सेमानू भागातल्या ग्रुबुग नावाच्या खोल विवराशी त्या दिवसांच्या आठवणी जोडलेल्या आहेत. आज तिथे दोर लावून पर्यटक उतरतात.

पुढे सुहार्तो यांच्या राजवटीत हरितक्रांती झाली. १९८४ साली इंडोनेशियाने तांदळात स्वयंपूर्णता जाहीर केली आणि पुढच्या वर्षी रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सुहार्तोंचा गौरव केला. ती क्रांती पाटाच्या पाण्यावरची होती. नवे बियाणे, खत, कर्ज, सगळे खाचरांसाठी. गुनुंग किदुलच्या खडकाळ टेकड्यांना त्यातले फार थोडे मिळाले.

टेकड्या हिरव्या झाल्या त्या वेगळ्याच वाटेने. लोकांनी चुनखडीचे दगड रचून उतारावर बांध घातले, बांधामागे माती धरली आणि बांधाच्या कडेने साग लावला. गादजा मादा विद्यापीठाच्या वनशास्त्रज्ञ ओएमी हानिइन सुसेनो यांनी १९६०च्या दशकात जवळच्या उजाड माळावर ‘वानागामा’ या जंगलाची सुरुवात केली आणि अशा खडकावरही झाडे तगतात हे दाखवून दिले. १९८९ साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनीही तिथे साग लावला. त्या झाडाचे कौतुक फार होते. पण जिल्ह्यातला बहुतांश खासगी साग अशा शेतकऱ्यांनी वाढवला आहे, ज्यांच्याकडे अर्धा हेक्टरही जमीन नाही. त्यांनी तो पर्यावरणासाठी लावला नाही. मुलीचे लग्न, मुलाची फी, घरातले आजारपण यांसाठी लावला. गरज पडली की एक-दोन झाडे तोडायची, नाहीतर उभी ठेवायची. वनखात्यातल्या लोकांना ही पद्धत अशास्त्रीय वाटते, कारण साग पुरता पिकण्याआधी तोडला तर भाव पडतो. व्यापारी उभे झाडच अंदाजाने घेतो आणि नड ओळखून किंमत पाडतो. २००६ साली इथल्या काही गावांच्या जंगलाला शाश्वत व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र मिळाले, शेतकऱ्यांची सहकारी संस्थाही उभी राहिली. तरी शाळेची फी भरायची तारीख सागाच्या वयासाठी थांबत नाही. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते. बँक नसलेल्या गावात माणसाने स्वतःची ठेव स्वतः उभी केली आणि तिच्या सावलीत माती परत आणली.

गोठ्यातली गाय ही दुसरी ठेव. कोरड्या महिन्यांत पाच-पाच हजार लिटरचे टँकर विकत घ्यावे लागतात आणि त्यासाठी शेळी किंवा गाय बाजारात जाते, हे इथे दरवर्षीचे आहे. गाय आजारी पडली तर मालकाचे मोठे नुकसान होते. ते वाटून घेण्याची ‘ब्रांदु’ नावाची रीत आहे: आजारी जनावर कापायचे, शेजाऱ्यांनी वर्गणी देऊन मांस घ्यायचे आणि जमलेले पैसे मालकाला द्यायचे. २०२३ साली सेमानू भागात हीच रीत अँथ्रॅक्सच्या प्रसाराला कारण झाली. माणसे दगावली, अनेकांना लागण झाली. बाहेरच्यांनी गावकऱ्यांना अडाणी म्हटले. मला ते अन्यायाचे वाटते. जनावर मेले तर पुरेशी भरपाई वेळेवर हातात पडेल, असा भरवसा गावाला असता तर ते मांस कोणी वाटले असते?

पाण्याचे प्रयत्न झाले. जर्मनीच्या कार्ल्सरूह विद्यापीठातल्या अभियंत्यांनी ब्रिबिन या भूमिगत नदीवर, शंभर मीटर खोल, बांध घातला. नदीच्याच प्रवाहावर पंप चालवून पाणी वर चढवायचे अशी ती रचना आहे. २००६चा भूकंप तिच्या बांधकामाच्या काळातच झाला, तरी काम पुरे झाले. तरीही २०१५, २०१९, २०२३ या एल निन्योच्या किंवा लांबलेल्या कोरड्या मोसमाच्या वर्षांत टँकरच्या रांगा लागल्याच.

या साऱ्याला आधार होता बाहेर गेलेल्या माणसांचा. सुमात्राच्या वसाहतींत काही कुटुंबे गेली, पण जास्त माणसे जाकार्ताला गेली. बांधकामावर, घरकामाला, आणि बाक्सोच्या म्हणजे गोमांसाच्या गोळ्यांच्या सूपच्या गाड्यांवर. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून विटांची घरे उभी राहिली, मुले शिकली. शेतावरचा भार कमी झाला म्हणून सागाला वाढायला अवधी मिळाला, असेही म्हणता येईल.

अलीकडची पंधरा वर्षे पर्यटनाची आहेत. किनाऱ्यावर गर्दी वाढली, तिवुल आणि तळलेले टोळ पर्यटकांना भेट म्हणून विकले जाऊ लागले. २०१५ साली गुनुंग सेवू नावाच्या या चुनखडी टेकड्यांना युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानांत स्थान मिळाले. उत्तरेकडचे नग्लांगेरान हे गाव मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिथल्या तरुणांनी प्राचीन ज्वालामुखीच्या डोंगरावर पर्यटन सुरू केले, गर्दी हाताबाहेर जाऊ लागली तेव्हा तिकीट वाढवून ती मुद्दाम कमी केली, आणि कोकोच्या झाडांपासून गावातच चॉकलेट बनवायला सुरुवात केली. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने नग्लांगेरानला उत्कृष्ट पर्यटन गावांच्या यादीत घेतले. तिथे निर्णय गाव घेते.

दक्षिण किनाऱ्यावर तसे नाही. नवा किनारा-मार्ग आला तशी जमिनीची मागणी वाढली. २०२४ साली एका प्रसिद्ध टीव्ही कलाकाराने चुनखडीच्या प्रदेशातल्या मोठ्या बीच क्लबच्या प्रकल्पातून लोकांच्या विरोधामुळे अंग काढून घेतले. इतर प्रकल्पांची बातमी एवढी होत नाही. शेतात उरलेले हात आता बहुतेक म्हाताऱ्यांचे आहेत, आणि माकडांच्या टोळ्या मका, भुईमूग फस्त करतात तेव्हा राखणीला कोणी तरुण नसतो. येत्या दहा-वीस वर्षांत हे तुकडे वारसांच्या नावावर होतील. विकायचे, राखायचे की नग्लांगेरानसारखे एकत्र येऊन काही उभे करायचे, हे ठरवणारी पिढी आज जाकार्तात बाक्सोच्या गाड्या ढकलते आहे आणि ईदला थोडे दिवस घरी येते.