तीन धारांचे ओकफळ

ओकचे फळ आपण चित्रांत पाहिलेले असते. गोल, गुळगुळीत, बुडाशी खवल्यांची वाटी. सह्याद्रीत या कुळातील एकही झाड मूळचे नाही. प्रत्यक्ष पाहायचे तर हिमालय किंवा ईशान्य भारत गाठावा लागतो. याच कुळातील बीचचे फळ मात्र तीन धारांचे असते.

बोर्निओतील किनाबालू पर्वतावरच्या जंगलात असे एक झाड आहे, की ज्याच्या फळाला ओकसारखी खवल्यांची वाटी आहे, पण त्या वाटीत बहुधा एकाहून अधिक फळे असतात आणि ती बीचसारखी त्रिकोणी! 1962 मध्ये क्यू उद्यानातील एल. एल. फोरमन यांनी या प्रजातीला ‘ट्रायगोनोबॅलॅनस’ हे नाव दिले. अर्थ, त्रिकोणी ओकफळ. बोर्निओतील जातीचे पुढचे नाव ‘व्हर्टिसिलॅटा’, कारण तिची पाने पेऱ्यावर तीन-तीन अशी वलयात येतात. आपल्या कण्हेरीची येतात तशीच. लॅटिन नावांना मुले घाबरतात, पण ती फोडून दाखवली की वर्णनच हाती येते.

या झाडाचा एक नातलग थायलंड व युनानच्या डोंगरांत आहे. तिसऱ्याचे वर्णन 1979 मध्ये प्रसिद्ध झाले, तेही थेट कोलंबियातून! मध्ये अख्खा प्रशांत महासागर. इतके अंतर हे बी तरून जाईल, असे आम्हाला वाटत नाही.

अशा वेळी ‘गोंडवन फुटले’ हे उत्तर चटकन सुचते. ते येथे लागू पडत नाही. दक्षिण अमेरिका आफ्रिकेपासून सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी सुटली, आणि बोर्निओ तिला कधीच लागून नव्हते. शिवाय ओकचे कुळ उत्तर गोलार्धातले.

खरा धागा जीवाश्मांत सापडतो. याच गटाचे अवशेष अमेरिकेतील टेनेसीत आणि युरोपातही मिळाले आहेत. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी बरीच उबदार होती. वने पार उत्तरेपर्यंत पसरलेली होती आणि उत्तरेकडील खंडांना जोडणारे जमिनीचे पूल होते. पुढे थंडी वाढली. मधली झाडे गेली, दूरच्या उबदार डोंगरांत तेवढी उरली.

वर्गात जगाचा नकाशा लावावा. बोर्निओ, थायलंड, कोलंबिया येथे हिरवे ठिपके द्यावेत आणि मुलांना कारण विचारावे. सगळे तर्क ऐकून झाल्यावरच टेनेसी व युरोपवर तांबडे ठिपके द्यावेत.