चूक लहान, किंमत मोठी

२७,००० वर्षांतून एकदा घडणारी चूक ही चूक मानावी काय? १९९४ च्या अखेरीस अमेरिकेतील इंटेल कंपनीने आपल्या पेंटियम प्रोसेसरच्या ग्राहकांपुढे वस्तुतः हाच प्रश्न ठेवला होता. व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना मूळ संख्यांविषयीच्या संशोधनात उत्तरांचा मेळ बसेना. कसून शोध घेता दोष प्रोसेसरच्या भागाकारातच निघाला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले असता १.३३३८ यावयास हवे, तेथे १.३३३७ येत असे.

कारण म्हटले तर क्षुल्लक होते. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या कोष्टकातील पाच नोंदी सुटल्या होत्या. उत्पादनापूर्वी चाचण्या झाल्या नव्हत्या असे नाही. परंतु भाज्य-भाजकांच्या शक्य जोड्या इतक्या अफाट असतात की, त्या साऱ्या तपासणे कोणासही शक्य नसते. आराखडा हाती असेतो अशी चूक अल्प खर्चात सुधारता येते. तोच आराखडा सिलिकॉनमध्ये कोरला जाऊन त्याच्या लक्षावधी प्रती बाजारात गेल्या, की चिप बदलून देण्यावाचून खरा उपाय उरत नाही.

कंपनीला हा दोष त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कळला होता. ग्राहकांना मात्र तो सांगितला गेला नाही. बोभाटा झाल्यावरही, सामान्य ग्राहकाला तो २७,००० वर्षांतून एकदाच बाधेल, सबब गरज पटवून देणाऱ्यालाच चिप बदलून मिळेल, असा पवित्रा तिने घेतला. डिसेंबरात आयबीएमने या चिपचे संगणक पाठविणे थांबविले. अखेर २० डिसेंबर रोजी मागेल त्याला चिप बदलून देण्याची घोषणा झाली. या प्रकरणापोटी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा बोजा हिशेबी धरावा लागला.

मग हिशेब चुकला कोठे? चूक किती वेळा घडेल, एवढेच कंपनीने मोजले. समोरचे उत्तर बरोबर की चूक, हे ओळखण्याचे साधन ग्राहकापाशी नव्हते, ही गोष्ट त्या हिशेबात धरलीच गेली नाही. ज्या तराजूविषयी एकदा शंका आली, त्याचे प्रत्येकच वजन संशयास्पद ठरते.

या अनुभवानंतर भागाकारासारख्या क्रिया केवळ नमुन्यादाखल तपासण्याऐवजी त्यांची अचूकता गणिती सिद्धतेने पडताळण्यास प्रोसेसर-उद्योगात जोर आला. हा खर्च उत्पादनापूर्वीचा असल्याने तो डोळ्यांत भरतो. टळलेले नुकसान मात्र कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. चुकीची शक्यता उत्पादकाने खुशाल मोजावी; पण ती सोसण्याजोगी आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ती सोसणाऱ्याचाच असला पाहिजे.