दंड भरून सुटलात, पण नोकरीचे काय?

वस्तीत भांडण होते, पोरांवर केस पडते, तारखांपायी रोजगार बुडू लागतो. मग कोर्टाच्या आवारात कोणीतरी सांगतोच, “गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो.” आईबापही कंटाळलेले असतात. पावती घेऊन सगळे घरी येतात.

बंधू-भगिनींनो, ती सुटका नव्हे. कायद्याने दंड हीसुद्धा शिक्षाच! पुढे मुलगा शिपाई, लिपिक किंवा पोलीस भरतीत उतरला, की साक्षांकन नमुना समोर येतो : कधी अटक, खटला, शिक्षा झाली आहे काय? भीतीपोटी पोरगा “नाही” लिहितो आणि चारित्र्य पडताळणीत सापडतो. मग मूळ गुन्हा राहतो बाजूला, माहिती दडवली म्हणून नेमणूक जाते.

अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर नियम घालून दिले. तरुण वयात घोषणा दिल्या किंवा किरकोळ गुन्हा घडला, तर तो दडवल्याची चूकही अधिकारी माफ करू शकतो. (घोषणा देणारी पोरे कोणाच्या घरची असतात, हे आपल्याला सांगायला नको.) मात्र खरे सांगितले म्हणून नोकरी दिलीच पाहिजे, असे बंधन त्याच्यावर नाही. म्हणजे सारे साहेबाच्या मर्जीवर.

लाचखोराला, बायकांवर-लेकरांवर अत्याचार करणाऱ्याला सरकारी खुर्ची नकोच. असा माणूस वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून कोणाला चालेल? पण एकोणिसाव्या वर्षीच्या हाणामारीपायी जन्मभर दार बंद का? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षांची शिक्षा भोगलेला पुढारीसुद्धा सुटकेनंतर ६ वर्षांनी पुन्हा निवडणुकीला उभा राहू शकतो. शिपायाच्या जागेसाठी अशी मुदत कोणी ठरवायची?

तोवर हातात आहे ते वापरा. गुन्हा कबूल करण्यापूर्वी वकिलाला १९५८ च्या प्रोबेशनच्या कायद्याबद्दल विचारा. त्याखाली सोडलेल्याला कलम १२ मुळे शिक्षेपायी येणारी अपात्रता लागत नाही. प्रकरण मात्र नमुन्यात लिहावेच लागते. मुलगा त्यावेळी अठरा वर्षांखालचा असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ दाखवा. आणि निकालाची प्रमाणित प्रत रेशनकार्डाइतकी जपून ठेवा. कलम, केस नंबर, निकालाची तारीख तिच्यावरूनच उतरवायची असते.