घडीची सायकल आणि तिचा पट्टा

२०२३ च्या मे महिन्यात सिंगापूरहून कायमचा परतलेला माझा भाचा बेळगावला आमच्या घरी आला, तेव्हा त्याच्यासोबत पुठ्ठ्याचे एक भले मोठे खोके होते. शिवणयंत्र असावे, असा सौ.चा तर्क, मला तो वातानुकूलन यंत्राचा एखादा भाग वाटला. खोके उघडले आणि आतून निघाली एक सायकल, मध्यभागी दुमडलेली, हँडल खाली लोंबणारे, सीट आत दडपलेली. एखाद्या उंच गृहस्थाने बसच्या बाकावर अंग चोरून बसावे, तशी ती दिसत होती. “मामा, तुमच्या फाट्यासाठी,” भाचा म्हणाला.

हा फाटा म्हणजे काय, हे सांगणे अगत्याचे आहे. माझी शाळा खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटीच्या बाजूस आहे. बेळगावहून बस फाट्यापर्यंत जाते. तेथून गाव चार किलोमीटर. मोटारसायकल मला आयुष्यात कधी जमली नाही. बदली झाली त्या पहिल्या वर्षी मी एक जुनी काळी सायकल फाट्यावरच्या चहावाल्याकडे ठेवीत असे. जून ते सप्टेंबर त्या भागात पाऊस असा कोसळतो की, शुक्रवारी तेल दिलेली चेन सोमवारी तांबूस झालेली असे. तांबड्या मातीचा चिखल कड्यांत शिरून वाळला, की पॅडल मारताना जात्यावर दळण घातल्याचा आवाज येई. शिवाय फाट्यावरच्या सायकलीवर सगळ्या गावाचा हक्क! कोणी दळणाला नेई, कोणी देवदर्शनाला. बसमधून बरोबर आणता येईल आणि गंजणार नाही, अशी सायकल हवी होती. भाच्याने ती शोधून काढली होती.

घडीच्या सायकलीची कल्पना तशी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कारखान्याने हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी दुमडती सायकल तयार केली होती. पुढे १९७५ च्या सुमारास अँड्र्यू रिची या इंग्रज अभियंत्याने लंडनमधील आपल्या राहत्या घरात अशा सायकलीची रचना केली, आणि जवळच असलेल्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चवरून तिला ब्रॉम्प्टन हे नाव दिले. १९८२ मध्ये डेव्हिड हॉन या पदार्थवैज्ञानिकाने अमेरिकेत डाहॉन ही कंपनी काढली. परंतु माझ्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९८७. त्या वर्षी मार्क सँडर्स यांची त्रिकोणी आकाराची स्ट्रायडा बाजारात आली. तिला चेनच नव्हती. दातेरी पट्टा होता.

पट्टा म्हटले की आपल्यापुढे पिठाची गिरणी उभी राहते. तो पट्टा सपाट असतो, घर्षणावर चालतो आणि ओला झाला की घसरतो. सायकलीचा पट्टा त्या कुळातला नव्हे. माझ्या सायकलीला आहे तो अमेरिकेतील डेन्व्हरच्या गेट्स कंपनीचा. बाहेरून पॉलियुरेथेन या चिवट द्रव्याचे अंग, आत कार्बनच्या तंतूंचे दोर. आतल्या बाजूस दाते आहेत आणि एका दातापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ११ मिलिमीटर. हे दाते चक्रीच्या खाचांत बसत असल्यामुळे घसरण्याचा प्रश्न येत नाही. लोखंडच नाही, तर गंज कशाला चढणार? तेल लागत नाही, त्यामुळे धोतर असो वा पँट, काळी होत नाही. चिखल झाला तर तांब्याभर पाणी ओतावे.

पण चेनमध्ये एक गुण आहे, तो पट्ट्यात नाही. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी चेनला आजचे रूप दिले. ती कडीकडीची असल्याने कोठेही तोडता-जोडता येते. पट्टा अखंड असतो. तो सायकलीवर चढवायचा तर सांगाड्यालाच मागच्या बाजूस एक उघडणारा सांधा ठेवावा लागतो. चेनप्रमाणे तो लहानमोठ्या चक्र्यांवरून उड्याही मारू शकत नाही. म्हणून गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये बंदिस्त असतात. माझ्या सायकलीत असे आठ आहेत. लोक हमखास विचारतात, “गुरुजी, घडी घातली की पट्टा दुमडत असेल ना?” तसे होत नाही. बिजागरी पॅडलच्या पुढे असते. पट्टा आणि त्याच्या दोन्ही चक्र्या मागच्या अर्ध्या भागात राहतात. त्यांना घडी घातल्याचे कळतही नाही.

सायकल उघडली, बसलो आणि निघालो, असे मात्र झाले नाही. पहिले दोन रविवार तिला माझ्या अंगाबेताची करण्यात गेले. सीटची उंची ठरविण्याची जुनी रीत येथेही खरी ठरली: भिंतीला टेकून बसावे, पॅडल अगदी खाली न्यावे, त्यावर टाच ठेवावी, गुडघा सरळ व्हावा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. घडीच्या सायकलीत ही उंची रोज मोडते व रोज नव्याने करावी लागते. म्हणून नेमकी उंची सापडताच सीटच्या दांड्यावर मी तांबड्या नखरंगाची रेघ ओढली. (नखरंग कन्येचा, परवानगी नंतर घेतली.) दांड्यावर कारखान्याचीही एक खूण असते. ती बाहेर दिसेल इतकी सीट कधीही वर घेऊ नये. दांडा आत पुरेसा न राहिल्यास सांगाडा मोडतो.

पॅडल बसविताना ध्यानात ठेवावे की, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ब्रेकची गंमत मला दुसऱ्या दिवशी कळली. माझ्या जुन्या सायकलीचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा होता. हिला उलट जोडलेले होते. चाळीस वर्षांची सवय हाताला असते, डोक्याला नसते. उतारावर भलताच ब्रेक आवळला गेला तर? तारा बदलून घेतल्या. चाके २० इंची, म्हणून हँडल जरा चंचल आणि खड्डा आहे त्याहून खोल वाटतो. रुंद टायर आणि त्यात बेताचीच हवा, हा त्यावर उपाय. टायरवर ४०६ हा आकडा कोरलेला आहे की नाही, ते जरूर पाहावे. वीस इंची चाकांतही ४०६ आणि ४५१ मिलिमीटर असे दोन प्रकार असतात, आणि एकाचे टायर दुसऱ्याला चढत नाही. बिजागरीच्या कड्या बसल्यावर सुरक्षेचा खटका लावून हात फिरवून पाहणे, हे तर रोजचे संध्यावंदनच समजावे.

पट्ट्याचा ताण तपासण्याची रीत मला फार आवडली. दोन चक्र्यांमधील पट्टा तानपुऱ्याच्या तारेसारखा बोटाने छेडायचा. तो थरथरतो आणि खर्जातला एक स्वर देतो. ताण जास्त तर स्वर चढा, कमी तर उतरता. सेकंदाला किती कंपने झाली, हे कंपनीने दिलेले मोबाइलमधील एक साधन ऐकून सांगते, आणि आकडा किती हवा ते पुस्तिकेत असते. पॅडल थोडेथोडे फिरवून चार ठिकाणी हे करावे, कारण ताण सर्वत्र सारखा नसतो. ताण ढिला तर चढावर पट्ट्याचे दाते खाच सोडून ‘कट्’ असा आवाज करीत उडी घेतात. फार झाला तर हबची बेअरिंगे लवकर झिजतात. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ताणाचे स्क्रू आहेत. ते समसमान फिरवावे, नाहीतर चाक तिरके होते आणि पट्टा चक्रीच्या एका कडेला चढू लागतो.

सायकल मनासारखी झाली, की तिला नटविण्याची हौस येतेच. मी प्रथम एक भक्कम कॅरिअर, दोन बाजूंना दोन पिशव्या, आरसा आणि मोठा दिवा असा थाट केला. सायकल झोकात दिसत होती. मग घडी घालायला गेलो. आरसा हँडलच्या आड आला, दिवा चाकावर आपटला आणि पिशव्यांमुळे दोन भाग एकमेकांना भेटेनात. शिवाय लहान सायकलीत मागचे चाक पॅडलच्या जवळ असल्याने दर फेऱ्याला टाच पिशवीवर आदळू लागली. त्या दिवसापासून कोणतीही नवी वस्तू मी सायकल उघडी असताना जोडीत नाही. आधी घडी घालायची, मग तिला कोठे जागा आहे ते पाहायचे.

या कसोटीला उतरले ते थोडेच. पुढचा व मागचा मडगार्ड तर हवेतच. खानापूरच्या चिखलात मडगार्डविना जाणारा शिक्षक वर्गात शिरतो तो होळी खेळून आल्यासारखा. पुढच्या दांड्याला खटक्याने अडकणारी एक पिशवी घेतली. तिच्यात हजेरीपत्रके, डबा आणि रेनकोट मावतो आणि घडी घालण्यापूर्वी ती एका झटक्यात निघते. मागचा तांबडा दिवा सीटखाली न लावता मडगार्डवर लावला, कारण सीटखालचा दिवा रेनकोटच्या घोळात झाकला जातो. घंटी साधी, पितळेची. कुलूप हलके, कारण सायकल माझ्याबरोबर मुख्याध्यापकांच्या खोलीतच असते.

सर्वांत मोलाची जोड मात्र दुकानातली नव्हे. पहिल्याच दिवशी बसच्या कंडक्टरने चिखलाने माखलेली चाके पाहून हरकत घेतली, आणि ती रास्तच होती. सौ.ने जुन्या सतरंजीचा, आतून प्लास्टिकचे अस्तर लावलेला अभ्रा शिवला. दुसऱ्या दिवशी तोच कंडक्टर म्हणाला, “सर, आज पेटी आणली काय? भजन आहे?” तेव्हापासून आमची सायकल त्या बसमध्ये ‘पेटी’ म्हणूनच ओळखली जाते.

आता त्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. फाट्यानजीक मागचे चाक पंक्चर झाले. तेथील सायकल दुरुस्ती करणारा माणूस चांगला जाणता. आपल्याकडचे कारागीर चाक न काढताच टायरची एक बाजू उचकटतात, ट्यूब बाहेर ओढतात, पाण्यात बुडवून छिद्र शोधतात आणि ठिगळ लावून मोकळे होतात. तो तेच करायला बसला होता. मीच पुस्तिकेतील चित्र दाखवून म्हणालो, “अहो, ही परदेशी आहे, हिचे चाक काढावे लागते.” मास्तरांचा शब्द त्याने मानला. चाक पुढे सरकवून पट्टा सैल करण्याऐवजी त्याने तो स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून उतरविला आणि मुडपून खिळ्याला टांगला. मी शेजारी चहा पीत उभा होतो. पट्टा ओढाल तेवढा ओढावा, त्याचे काही बिघडत नाही. पण तो तीव्र कोनात मुडपला, पिळला किंवा उलटा वळविला की आतले कार्बनचे दोर तुटतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हे पुस्तिकेत पुढच्याच पानावर होते. मी ते पान वाचलेले नव्हते.

पंधरा दिवसांनी, गावाच्या अलीकडच्या चढावर, भर पावसात पट्टा तुटला. पॅडल एकाएकी हलके झाले आणि मी पुढे कोसळता कोसळता वाचलो. चेन तुटली असती तर दगडाने ठोकून दोन कड्या जोडता आल्या असत्या. येथे हातात नुसती एक काळी लांब फीत. शाळेच्या व स्वयंपाकघराच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या. सहशिक्षिका रजेवर. सायकल ढकलीत पोहोचलो, तेव्हा दहा वाजून गेले होते. मुले शाळेच्या पडवीत मावत नव्हती, म्हणून सातवीच्या मुलींनी लहानग्यांना समोरच्या देवळाच्या सभामंडपात नेऊन बसविले होते आणि त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेत होत्या. पहिलीतली दोन पोरे चिंब भिजून कुडकुडत होती. कोणी मला काही बोलले नाही. स्वयंपाकाच्या बाईंनी तेवढे चूल पेटविताना म्हटले, “गुरुजी, आज भात उशिरा होईल.”

नवा पट्टा भाच्याने मागविला, तो यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस रोज आठ किलोमीटर चालणे झाले. पट्टा मागवायचा तर दातांची संख्या नेमकी सांगावी लागते. एका दाताचाही फरक चालत नाही. म्हणून मी एकाऐवजी दोन मागविले. जादा पट्टा आमच्या माजघरात कॅलेंडरशेजारी रुंद लाकडी खुंटीवर मोकळ्या वर्तुळात टांगलेला आहे, आणि त्याला कोणी हात लावू नये, असा घरात दंडक आहे. शाळेच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा आता गावात, स्वयंपाकाच्या बाईंकडे असतो.

फाट्यावरच्या त्या कारागिराला मी पट्ट्याविषयी सर्व समजावून सांगितले. त्याच्या चुकीपेक्षा माझी चूक मोठी, हेही सांगितले. तो पंक्चर आता आपल्याच रीतीने, चाक न काढता काढतो. गावच्या भजनी मंडळात तो पेटी वाजवितो, हे मला पुष्कळ उशिरा कळले. गेल्या पावसाळ्यात हवा भरायला थांबलो, तर त्याने सहज पट्टा छेडला, कान जवळ नेला आणि म्हणाला, “गुरुजी, पट्टी उतरलीय.” मोबाइल काढून पाहिले, उतरली होती. त्याने पाना घेतला, दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा फिरविले, पुन्हा छेडून पाहिले आणि पैसे घेतले नाहीत.