वजन उतरलं, ते कुठे गेलं?

1987 साली जपानच्या तामिया कंपनीने क्लॉड बस्टर हा रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक बाजारात आणला. खडक चढणं हा त्याचा धर्म नव्हता. मोठाल्या चाकांनी धूळ उडवावी, उंचवट्यावरून उडी मारावी, एवढ्यासाठीच तो घडवलेला होता. पण त्याचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही ॲक्सल अखंड होते आणि प्रत्येकावर स्वतःची 540 आकाराची मोटर व गिअर बसवलेले होते. गाडीला ओढणारं जड सामान आपोआपच चाकांच्या पातळीवर आलं होतं. रॉक क्रॉलर म्हणजे खडक चढणाऱ्या छोट्या गाड्या, त्यांच्या चॅसीचा पुढचा सगळा प्रवास या एका योगायोगाचा अर्थ हळूहळू उमगत जाण्याचा आहे.

1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत खऱ्या जीप आणि नळ्यांच्या सांगाड्याच्या बग्ग्या खडकांवर चढवण्याच्या स्पर्धा रंगू लागल्या. युटामधलं मोआब आणि कॅलिफोर्नियातली जॉन्सन व्हॅली ही त्या वेडाची क्षेत्रं. तोच खेळ एक दशांश आकारात खेळायची हौस आलेल्यांना क्लॉडचे ॲक्सल आयते मिळाले. त्यांनी कंपनीची पेटीवजा प्लास्टिकची चॅसी काढून टाकली. तिच्या जागी ॲल्युमिनियमच्या दोन उभ्या पट्ट्या आल्या, मध्ये चार-सहा आडवे दांडे टाकून त्या जोडल्या गेल्या. खाली ॲक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या लिंकसाठी भोकं, वर शॉक ॲब्सॉर्बर हवे तसे तिरपे करता यावेत म्हणून भोकांची रांग. स्टिअरिंगचा सर्व्हो मूळ गाडीत चॅसीवर होता. तो ॲक्सलवर उतरवला गेला. पुढे तामियाच्याच टीएलटी-1 या लहान गाडीच्या ॲक्सलवर याच पद्धतीने आटोपशीर क्रॉलर उभे राहिले.

टायरचा साचा घरी ओतता येत नाही, गिअरचे दातेही कापता येत नाहीत. चॅसी मात्र हॅकसॉ, ड्रिल आणि कानस एवढ्यावर निघते. पुठ्ठ्यावर आकार कापायचा, ॲक्सलवर धरून बघायचा, शॉक दाबला की कुठे अडतो ते पेन्सिलीने खुणवायचं आणि मग पत्र्याला हात लावायचा. म्हणूनच या क्षेत्रातले बरेचसे शोध हौशी मंडळींच्या बाकावर लागले आणि कंपन्या मागून आल्या.

या मंडळींना छळणारा प्रश्न भूमितीचा होता. चाकांमधलं अंतर 250 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 90 मिलिमीटरवर असेल, तर कागदावरच्या हिशेबाने गाडी बाजूच्या उतारावर साधारण 54 अंशांपर्यंत तग धरते. गुरुत्वमध्य 75 वर आणला की हाच कोन 59 होतो. समोरच्या चढाला आणखी एक गोष्ट मोजावी लागते. दोन ॲक्सलमधलं अंतर 12.5 इंच, गुरुत्वमध्य 90 वर आणि वजन पुढे-मागे समसमान असेल, तर गाडी सुमारे 60 अंशांना मागे उलटते. वजनाचा 60 टक्के वाटा पुढे नेला तर 65 च्या आसपास, आणि गुरुत्वमध्यही 75 वर उतरवला तर 68 अंशांच्या पुढे. प्रत्यक्षात टायर दबतात, शॉक हलतात, पकड सुटते. तरी वजन खाली आणि पुढे नेण्याचा फायदा उरतोच.

त्यामुळे 'हलकी चॅसी' म्हणताना गाडी हलकी करणं हा हेतू क्वचितच असे. वरून शंभर ग्रॅम काढायचे आणि तेवढेच, कधी त्याहून जास्त, पुढच्या चाकांच्या आत शिशाच्या पट्ट्या चिकटवून किंवा ॲक्सलवर पितळी भाग बसवून भरायचे. डोक्यावरची पाटी उतरवून पायात तोडे घालण्याचाच हा प्रकार. काट्यावरचा आकडा जवळपास तोच राहायचा, पण गाडी उलटायची थांबायची.

2007 साली कॅलिफोर्नियातल्या ॲक्सियल कंपनीचा एएक्स10 स्कॉर्पियन आला आणि खास क्रॉलर म्हणून घडवलेली गाडी दुकानातून विकत घेता येऊ लागली. रचना मात्र वेगळी होती: मोटर आणि गिअरबॉक्स मधोमध चॅसीत, तिथून दोन्ही ॲक्सलना प्रोपेलर शाफ्ट. यात एक दुखणं अंगभूत होतं. शाफ्ट ॲक्सलला पीळ देतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया चॅसीवर येते, ती एका कुशीला कलते आणि पुढचं एक चाक नेमकं चढाच्या तोंडाशी हलकं पडतं. उपाय शॉकमध्ये शोधले गेले. स्प्रिंग काढून टाकायच्या किंवा अगदी मऊ ठेवायच्या. चॅसी मुळातच खाली बसलेली राहते आणि चाकांना खाली लोंबायलाच तेवढी मोकळीक उरते. असं बसवायचं तर चॅसीचं पोट खडकाला लागणार, म्हणून पट्ट्यांचा मधला भाग वर उचललेल्या कमानीसारखा कापला जाऊ लागला.

याच सुमारास धातूला पर्याय शोधले गेले. प्रत्येकी 150 चौरस सेंटिमीटरच्या, 3 मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या घेतल्या तर ॲल्युमिनियममध्ये त्यांचं वजन 243 ग्रॅम भरतं, ग्लास इपॉक्सीत सुमारे 165, कार्बन फायबरमध्ये 145, डेलरिनमध्ये 127 आणि पॉलिकार्बोनेटमध्ये 108. या हिशेबाने प्लास्टिक जिंकायला हवं. पण तेवढ्याच जाडीचं प्लास्टिक लवतं, ते लवू नये म्हणून जाड घ्यावं लागतं आणि वाचवलेलं वजन परत येतं. कार्बन फायबरचा खरा गुण तो ताठ राहतो हा आहे, हलकेपणा त्यानंतर. ॲल्युमिनियम पडल्यावर वाकतं, वाकलेलं दिसतं आणि ठोकून बरंचसं सरळही होतं. कार्बनचे थर आतल्या आत सुटतात आणि पुढच्या पडझडीत तो काही न सांगता तुटतो. ग्लास इपॉक्सी म्हणजे सर्किट बोर्डांची ओळखीची शीट, कारखान्यात सगळे ज्याला हायलम म्हणतात त्याच कुळातली. थोडी जड, पण मार खाणारी.

डेलरिनने पट्ट्यांपेक्षा पोटाखालच्या स्किड प्लेटमध्ये नाव काढलं. ते निसरडं असतं, त्यामुळे खडकाच्या कडेवर टेकलेली गाडी अडकून न बसता घसरत पुढे सरकते. ॲल्युमिनियमची प्लेट त्याच कडेला चावून धरते. लिंकचे खालचे सांधेही याच प्लेटवर येतात, म्हणून चॅसीत खरा ताण सोसणारा भाग हाच. वरच्या पट्ट्या पोखरून जाळी केल्या तरी चालतं, इथे काटकसर केलेली चालत नाही.

मग चाक पुन्हा क्लॉडकडे फिरलं. छोट्या कारखानदारांनी आणि 2011 च्या सुमारास ॲक्सियलनेही एक्सआर10 मध्ये मोटरी परत ॲक्सलवर नेल्या, या वेळी आटोपशीर आणि खास खडकांसाठी. शाफ्टच गेला, त्यामुळे चॅसीला कलंडवणारा पीळही गेला. दोन मोटरींना दोन स्वतंत्र स्पीड कंट्रोलर दिले की मागची चाकं थांबवून पुढच्या चाकांनी गाडी जागच्या जागी ओढून वळवता येते. फाटकांमधून मार्ग काढताना रिव्हर्स घेतला की दंडाचे गुण चढतात आणि सर्वांत कमी गुणांचा जिंकतो, अशा खेळात ही मोठीच सोय. त्यात बॅटरी बदलली. सहा सेलचा निकेलचा पॅक चारशे ग्रॅमच्या आसपास असे. त्याचं काम शंभर ग्रॅमच्या लिथियम पॉलिमर पॅकने होऊ लागलं आणि तो थेट पुढच्या ॲक्सलच्या माथ्यावर बसू लागला. चॅसीत ठेवायला उरलं काय? रिसीव्हर आणि वायरी. स्पर्धेतल्या चॅसी पोस्टकार्डाएवढ्या दोन तुकड्यांवर आल्या. गाडी गाडीसारखी दिसेनाशी झाली.

इथे नियमपुस्तकाने हस्तक्षेप केला. अमेरिकेतल्या यूएसआरसीसीए या संघटनेच्या नियमांत 2.2 इंची चाकांच्या गटाला 12.5 इंचांची मर्यादा होतीच. त्याच चाकांच्या स्पोर्ट्समन गटात एकच मोटर आणि मागची चाकं थांबवण्याच्या युक्तीला मनाई असा सोप्या, स्वस्त गाड्यांचा मार्ग ठेवला गेला. दुसरीकडे हौशी मंडळी खऱ्याखुऱ्या जीपच्या रूपाकडे वळली. ॲक्सियलच्या एससीएक्स10 ने पोलादी चॅनेलची शिडीवजा चॅसी आणली, 2017 मध्ये ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-4 नेही तीच वाट धरली. टीआरएक्स-4 मध्ये चाकाजवळ जादा गिअर देणारे पोर्टल ॲक्सल होते. त्यांनी ॲक्सलचं पोट वर उचललं आणि शाफ्टवरचा पीळही कमी केला. पण पोलादी चॅसी आणि अख्खी बॉडी यांनी हौशींनी वर्षानुवर्षं खाली उतरवलेलं वजन परत वर नेलं.

गेल्या काही वर्षांतली सपाट, बुटकी चॅसी हे त्याला उत्तर आहे. कार्बन किंवा ग्लास इपॉक्सीच्या पट्ट्या ॲक्सलच्या जवळ आल्या, मोटर पुढे सरकली, गिअरबॉक्स आडवा झाला, बॅटरी सर्व्होच्या शेजारी गेली. मोटर आणि कंट्रोलर एकाच डबीत मिळू लागल्याने वायरींचा गुंताही आटला. हॅकसॉची जागा सीएनसी राउटरने घेतली आणि रेखाटनाची फाइल पाठवली की पट्ट्या कापून घरी येतात. घरी कार्बन कापणाऱ्यांनी मात्र पाण्याची धार आणि मास्क सोडू नये. त्याची धूळ फुप्फुसाला वाईट, आणि वायरीवर पडली तर वीजवाहकही.

आता या पट्ट्यांत काढण्यासारखं फार उरलेलं नाही. अडीच-तीन किलोच्या गाडीत त्यांचा वाटा शे-दीडशे ग्रॅमचा. निम्मा केला तरी उतारावर अंशभराचाही फरक मोजता येणार नाही. उरलेलं वजन सगळ्यांत उंच जागी, बॉडीत आणि तिच्या सजावटीत आहे: टपावरचा कॅरिअर, दिवे, आतला ड्रायव्हर, जाड प्लास्टिकचं छप्पर. तरीही नवीन माणूस आधी कार्बनच्या पट्ट्या मागवतो, कारण त्या दिसतात छान. त्याने पैसे भरण्याआधी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा, गाडीची पुढची आणि मागची चाकं आळीपाळीने त्यावर टेकवावीत, मग बॉडी उतरवून पुन्हा मोजावं. बॉडीसह आणि बॉडीविना भरलेल्या वजनांतला फरक पट्ट्यांच्या वजनापेक्षा मोठा निघाला, तर कात्री आधी छपरावर चालवायची.