जर्मनीत शिकायला जाण्याचा हिशेब

जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत बहुतेक अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नसते, आणि ही सवलत भारतीय विद्यार्थ्यांनाही मिळते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे ४९ हजारांहून अधिक भारतीय शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये पूर्वी चिनी विद्यार्थी सर्वाधिक असत, ती जागा आता भारतीयांनी घेतली आहे. त्यांत इंजिनिअरिंग आणि संगणकशास्त्राचे मास्टर्स करणारे पुष्कळ. अमेरिकेचे किंवा इंग्लंडचे शुल्क ऐकून मागे फिरलेल्या मध्यमवर्गीय घरांना जर्मनी परवडेल असे वाटते, आणि ते खरेही आहे. मात्र दोन वर्षांच्या मास्टर्सला सगळे धरून साधारण पंचवीस लाख रुपये लागतात. हा आकडा बहुतेक घरांना आधीच ठाऊक असतो. घोळ होतो तो यातले कोणते पैसे कोणत्या महिन्यात लागणार, याचा विचार न केल्यामुळे. (इथल्या हिशेबात सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरला आहे.)

शुल्क नसण्याच्या नियमाला अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेते. श्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग ही नावाजलेली विद्यापीठे याच राज्यातली. गंमत अशी, की महाराष्ट्राचे जर्मनीतल्या ज्या राज्याशी सर्वांत जवळचे संबंध आहेत, तेही हेच. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून शुल्क सुरू केले असून मास्टर्सला ते अभ्यासक्रमाप्रमाणे दर सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो आहे. खासगी विद्यापीठांची गोष्ट तर वेगळीच. त्यांचे शुल्क वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढेही जाते. सल्लागार कंपन्यांना त्यांच्याकडून कमिशन मिळत असल्याने जाहिरातींत त्यांचीच नावे पुढे असतात. ‘जर्मनीत प्रवेश नक्की’ असे कोणी सांगितले, तर ते विद्यापीठ सरकारी आहे की खासगी, हे आधी विचारावे.

पैसे जायला सुरुवात होते ती भारतातच, प्रवेश मिळण्याच्या कितीतरी आधी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएसचे प्रमाणपत्र, म्हणजे भारतातील पदवी खरी असल्याची तपासणी, बंधनकारक आहे. त्याचे १८ हजार रुपये. इंग्रजीच्या परीक्षेला जवळपास तेवढेच. अनेक विद्यापीठे ‘युनि-असिस्ट’ या संस्थेमार्फत अर्ज घेतात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो, म्हणजे पाच अर्जांचे १९५ युरो. व्हिसाचे ७५ युरो, विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढणे, कुरिअर, विमानाचे तिकीट, थंडीचे कपडे आणि बॅगा असे धरत गेले, की दीड-पावणेदोन लाख सहज होतात. शिक्षणकर्ज साधारणपणे प्रवेश मिळाल्यावरच मंजूर होत असल्याने यातला बराच भाग घरच्याच पैशातून जातो.

याच काळातला एक खर्च घरचे लोक बहुधा टाळतात, आणि तो टाळू नये. तो म्हणजे जर्मन भाषेचा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालकाचा फोन, दुकानातली नोकरी, पालिकेच्या कार्यालयातले काम हे सगळे जर्मनमध्ये चालते. पुण्यात आणि मुंबईत मॅक्सम्युलर भवनाचे वर्ग आहेत, शिवाय खासगी वर्गही भरपूर आहेत. निघण्यापूर्वी भाषेच्या दोन पायऱ्या चढलेल्या विद्यार्थ्याला तिथे काम लवकर मिळते, आणि वर्गाची फी त्यातून वसूल होते. मोठ्या सुटकेसपेक्षा हा खर्च अधिक शहाणपणाचा.

प्रवेश मिळाल्यावर सर्वांत मोठी रक्कम एकदम बाजूला काढावी लागते ती ब्लॉक्ड अकाउंटसाठी. विद्यार्थी वर्षभर स्वतःचा खर्च चालवू शकतो, याचा पुरावा व्हिसा देणाऱ्यांना हवा असतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे जवळपास बारा लाख रुपये आहे. ती कुलूपबंद राहते आणि जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो विद्यार्थ्याच्या चालू खात्यात येतात. खाते उघडून देणाऱ्या कंपन्या आपले शुल्क वेगळे घेतात. वाटेतली एखादी बँक आपले पैसे कापून घेते आणि खात्यात काही युरो कमी पोहोचतात, तेव्हा पूर्ण रक्कम जमा झाल्याचे पुष्टिपत्र अडकते आणि व्हिसाची तारीख धोक्यात येते. म्हणून पन्नास-शंभर युरो जास्तच पाठवावेत.

परदेशी पैसे पाठवणे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली होते आणि तिची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. मध्यमवर्गाला ही मर्यादा नडत नाही, नडतो तो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने करापोटी कापून घेतलेली रक्कम. २०२५-२६ च्या आर्थिक वर्षातल्या नियमांनुसार शिक्षणासाठी स्वतःचे पैसे पाठवताना पहिल्या दहा लाखांवर काही कापले जात नाही, त्यापुढच्या रकमेवर ५ टक्के कापले जातात. ब्लॉक्ड अकाउंटसाठी ११.९ लाख पाठवले, तर वरच्या १.९ लाखांवर साडेनऊ हजार. हा वेगळा कर नाही. ज्याच्या पॅनवर ही रक्कम जमा झाली, त्याला ती विवरणपत्र भरताना करातून वळती करता येते किंवा परत मिळते, पण तोवर ती अडकून पडते. बँकेच्या शिक्षणकर्जातून गेलेल्या पैशांवर टीसीएस लागत नाही.

यापेक्षा मोठा फटका विनिमय दराचा असतो. २०२२ च्या पावसाळ्यात युरो ऐंशी रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. जो खर्च तेव्हा वीस लाखांत बसला असता, तोच आता पंचवीसचा झाला. दोन वर्षांचा हिशेब आजच्या दराने मांडणे म्हणूनच धोक्याचे. निदान दहा टक्के चढ धरूनच आकडे मांडावेत. शिवाय टीव्हीवर दिसणारा दर बँकेत मिळत नाही. बँक आपला फरक त्यात मिळवते आणि चलन बदलण्यावर जीएसटीही असतो.

कर्जाबाबत जर्मनीची एक वेगळीच अडचण आहे. बँका शुल्काची रक्कम थेट विद्यापीठाला पाठवतात, आणि ती व्यवस्था त्यांच्या सवयीची आहे. इथे शुल्कच नसल्यामुळे जवळपास सगळे कर्ज राहण्या-खाण्यासाठी लागते. ब्लॉक्ड अकाउंटची पूर्ण रक्कम बँक देणार का आणि दुसऱ्या वर्षाचा हप्ता कोणत्या कागदांवर सोडणार, हे अर्ज करतानाच लेखी विचारून घ्यावे. सरकारी बँकांत साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण मागतात. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कुटुंबांची अडचण इथेच होते. बँकांना तारण ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे दहा एकरांचा सातबारा असूनही बँक फ्लॅट, एनए प्लॉट किंवा मुदतठेव मागते. ज्यांच्याकडे यातले काही नाही, ते बिनतारण कर्जासाठी खासगी वित्तसंस्थांकडे वळतात आणि तिथे व्याजदर सहसा चढा असतो.

शिष्यवृत्त्या आहेत, पण थोड्या. जर्मनीची डाड ही संस्था मास्टर्सच्या विद्यार्थ्याला साधारण ब्लॉक्ड अकाउंटच्या मासिक रकमेइतके पैसे देते आणि तिच्यासाठी चुरस मोठी असते. ‘डॉइचलांडश्टिपेंडियम’चे महिन्याला ३०० युरो कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला मिळू शकतात. महाराष्ट्र सरकार अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती देते. १८९२ मध्ये स्थापन झालेला मुंबईचा जे. एन. टाटा एन्डाउमेंट हा निधी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो. यातली कोणतीही रक्कम हातात पत्र येण्यापूर्वी जमेच्या बाजूला लिहू नये.

विद्यार्थी तिथे उतरला, की सर्वांत कठीण महिना सुरू होतो. कुलूपबंद खात्यात बारा लाख असतात आणि खिशात काही नसते. ९९२ युरो सुटण्यासाठी आधी जर्मनीत चालू खाते हवे. ते उघडताना अनेकदा पत्त्याच्या नोंदणीचा दाखला लागतो, आणि त्या नोंदणीसाठी आधी घर हवे. यात तीन-चार आठवडे सहज जातात. खर्च मात्र थांबत नाही. समजा, मध्यम आकाराच्या एका शहरात सामायिक घरातली खोली मिळाली. तिचे मूळ भाडे ३८० युरो, पाणी-हीटिंग धरून ४५०. घरमालक मूळ भाड्याच्या तिप्पट अनामत मागू शकतो, म्हणजे १,१४०. त्यात पहिल्या महिन्याचे भाडे ४५०, विद्यापीठाची सत्रवर्गणी २५०, आरोग्यविमा १४५, गादी-पांघरूण-भांडी १५० आणि जेवणखाण २००. बेरीज २,३३५ युरो, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधून मिळणार ९९२. मधले तेराशे-चौदाशे युरो कुठून आणायचे, याचे उत्तर विमानात बसण्यापूर्वीच तयार हवे. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, त्यामुळे बाकीचे पैसे फॉरेक्स कार्डावर ठेवतात. दोन हजार युरोंची अशी वेगळी तजवीज करून जाणारा विद्यार्थी पहिल्याच महिन्यात उसनवारीला लागत नाही.

महिन्याची घडी बसली, की हिशेब बराच सुसह्य होतो. भाडे ४५०, विमा १४५, किराणा आणि कँटीन २२०, फोन १५, कपडे-पुस्तके आणि किरकोळ ८०. सत्रवर्गणी सहा महिन्यांत विभागली तर दरमहा सुमारे ४०, आणि अनेक ठिकाणी तिच्यातच प्रवासाचा पास येतो. उरला रेडिओ-टीव्हीचा सक्तीचा आकार. तो घरटी १८.३६ युरो असतो, म्हणजे तिघांच्या घरात प्रत्येकी सहा. घरात टीव्ही नसला तरी तो भरावा लागतो. त्याचे पत्र बाजूला टाकून दिले, तर पुढे कित्येक महिन्यांची थकबाकी एकदम येते. एकूण झाले ९५६ युरो, म्हणजे ९९२ मध्ये जेमतेम बसणारे. हीच खोली म्युनिकमध्ये साडेसातशेच्या घरात जाते आणि महिना साडेबाराशेवर पोहोचतो. उलट केमनित्स, माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ अशा पूर्वेकडच्या शहरांत तीनशेच्या आसपासही खोली मिळते. त्यामुळे विद्यापीठाच्या क्रमवारीइतकेच लक्ष शहराच्या भाड्याकडे द्यावे. विद्यार्थी-वसतिगृहे स्वस्त असतात, पण त्यांची प्रतीक्षायादी लांब असते. प्रवेशपत्र येण्याची वाट न पाहता, परवानगी असेल तिथे त्यांचा अर्ज आधीच करावा.

विम्याबाबत वयाकडे लक्ष हवे. विद्यार्थ्यांचा सवलतीचा सरकारी विमा तिशीपर्यंतच मिळतो. पाच-सात वर्षे नोकरी करून मास्टर्सला जाणाऱ्याला त्यापुढे बरेच जास्त पैसे मोजावे लागतात.

अर्धवेळ कामाच्या भरवशावर अंदाजपत्रक मांडणे ही सर्रास दिसणारी गोष्ट. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होते आणि त्या वर्षी ‘मिनीजॉब’मध्ये महिन्याला ५५६ युरोंपर्यंत कमावता येत असे. त्यातून घरभाडे निघते. पण पहिल्या सत्रात अभ्यास अंगावर येतो, भाषा कच्ची असते आणि छोट्या गावात कामे कमी असतात. म्हणून पहिले सहा महिने कमाई शून्यच धरावी. दुसऱ्या वर्षी कंपनीत ‘वर्किंग स्टुडंट’ म्हणून काम मिळाले, तर चित्र पालटते.

तेही मिळेलच असे नाही, आणि दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी आणखी एक देणे उभे असते. ब्लॉक्ड अकाउंट एकाच वर्षाची सोय दाखवते. निवास परवाना वाढवताना पुढच्या काळासाठी पैसे आहेत, हे पुन्हा सिद्ध करावे लागते. ती रक्कम, नियमित पगाराचा करार किंवा शिष्यवृत्तीचे पत्र यांपैकी काहीतरी दाखवावेच लागते. ज्या घरांनी सगळी बचत पहिल्याच वर्षात ओतलेली असते, त्यांना हा धक्का जबर बसतो. शिवाय चार सत्रांचा अभ्यासक्रम प्रबंधामुळे पाच-सहा सत्रांवर जाणे जर्मनीत मुळीच नवलाचे नाही. प्रत्येक जादा सत्राचे पाच-सहा हजार युरो, म्हणजे पाच-सहा लाख रुपये, आधीच कागदावर मांडून ठेवावेत.

परतफेडीचे वेळापत्रकही याच्याशी जोडलेले आहे. समजा, वीस लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी घेतले. निम्मे पहिल्या वर्षी, निम्मे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला उचलले, आणि हप्ता तीन वर्षांनी सुरू झाला. सरळ व्याजानेही तोवर पाच लाख चढतात. पंचवीस लाखांचा दहा वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ३३ हजार रुपये येतो. मधल्या काळात घरचे निदान व्याज भरत राहिले, तर हाच हप्ता साडेसव्वीस हजारांच्या आत राहतो. जुन्या करप्रणालीत कलम ८०ई खाली अशा व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी जर्मनी दीड वर्षाचा परवाना देते, पण हप्ता लांबवण्याची बँकेची सवलत बहुधा सहा महिन्यांत किंवा वर्षभरात संपते. नोकरी त्या दीड वर्षाच्या शेवटी लागली, तर मधल्या महिन्यांचे हप्ते घरूनच जातात. तेवढ्या हप्त्यांची रक्कम वेगळ्या ठेवीत राखूनच कर्जाच्या कागदांवर सही करावी.